हार्वी मिल्क यांच्यावर व्याख्यान कसे तयार करावे

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे, उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क यांच्यावर तासाभराचे व्याख्यान द्यायचे ठरले, की वक्त्याला पहिला मोह होतो तो २७ नोव्हेंबर १९७८ या दिवसापासून, म्हणजे त्यांच्या खुनापासून, सुरुवात करण्याचा. हा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. खुनापासून सुरुवात केली की पुढचा सारा वेळ श्रोते एका हुतात्म्याकडे पाहत राहतात, आणि ज्या माणसाने चार निवडणुका लढवल्या, ट्रकचालकांच्या संघटनेशी हातमिळवणी केली, उद्यानातल्या कुत्र्यांच्या घाणीवर कायदा आणला आणि राज्यव्यापी सार्वमतात हरत आलेली बाजू जिंकून दाखवली, तो राजकारणी त्यांच्या नजरेला पडतच नाही. मिल्क प्रत्यक्ष पदावर होते ते जेमतेम अकरा महिने. एवढ्या अल्प कारकिर्दीच्या नगरसेवकाचे नाव अर्ध्या शतकानंतरही का घेतले जाते, हा प्रश्न व्याख्यानाच्या केंद्रस्थानी ठेवावा आणि त्याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीत शोधावे. व्याख्यानमालेसाठी, महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळासाठी किंवा अभिमान पदयात्रेच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमासाठी तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडावे, म्हणून ही मांडणी सविस्तर देत आहे.

‘पहिला’ हा शब्द जपून वापरावा

निमंत्रणपत्रिकेवर ‘अमेरिकेतील पहिले समलिंगी लोकप्रतिनिधी’ असे छापून येण्याची शक्यता फार असते आणि ते चुकीचे आहे. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर शहराच्या नगरपरिषदेवर कॅथी कोझाचेन्को या एप्रिल १९७४ मध्ये निवडून आल्या. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी निवडणुकीआधीच जाहीर केलेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेवर निवडून गेल्या. मिल्क यांचा विजय त्यानंतर तीन वर्षांनी झाला. कॅलिफोर्नियात, आपली समलिंगी ओळख उघडपणे सांगून, लोकनियुक्त पदावर निवडून आलेला पहिला पुरुष, असे म्हटले तर ते बरोबर ठरते. आयोजकांना पत्रिका छापण्यापूर्वीच ही दुरुस्ती कळवावी. ज्या दोन स्त्रिया आधी निवडून आल्या, त्यांची नावे मंचावरून घेणे हे न्यायाचेही आहे, कारण पुरुषांच्या प्रसिद्धीत त्यांचा उल्लेख सहज गळून जातो.

सॅन फ्रान्सिस्कोतही मिल्क हे अशा उमेदवारांतले पहिले नव्हते. होसे सारिया यांनी १९६१ मध्येच त्या शहराच्या निवडणुकीत उभे राहण्याचे धाडस केले होते. ते एका बारमध्ये स्त्रीवेषात गाणारे लोकप्रिय कलावंत होते आणि पोलीस अशा बारवर धाडी घालत तो हा काळ. सारिया हरले, पण त्यांना हजारोंनी मते पडली आणि या समाजाची मते मोजावी लागतील हे शहरातल्या राजकारण्यांना कळले. पुढे मिल्क यांच्या पहिल्या निवडणुकीत याच सारियांनी त्यांना पाठिंबा दिला. हा धागा सांगितला, की मिल्क शून्यातून उगवले असा समज होत नाही.

शहराचा कारभार आधी समजावून सांगावा

मराठी श्रोत्यांसमोर बोलताना या टप्प्यावर पाच-सात मिनिटे खर्च करणे मला अत्यावश्यक वाटते, कारण पुढचे निम्मे कथानक यावर अवलंबून आहे. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणावा तसा प्रशासकीय विभाग. त्याच्या सभागृहाला बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणतात आणि त्यात फक्त अकरा सदस्य असतात. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो आणि कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांकडे असतात. तिथे महापौर थेट जनतेतून निवडून येतो, प्रशासन त्याच्या हाती असते आणि एखाद्या सुपरवायझरची जागा मुदतीआधी रिकामी झाली, तर ती भरण्याचा अधिकारही त्याचाच असतो. पोटनिवडणुकीची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला हा शेवटचा मुद्दा मुद्दाम सांगून ठेवावा. मिल्क यांचा खून करणारा डॅन व्हाइट हा राजीनामा दिलेला सुपरवायझर महापौरांच्या दारात का गेला, हे त्याशिवाय उलगडत नाही.

दुसरी गोष्ट प्रभागांची. १९७७ पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत प्रभाग नव्हतेच. सगळे सुपरवायझर संपूर्ण शहराच्या मतांवर निवडून येत. साहजिकच, ज्याच्यापाशी पैसा, वर्तमानपत्रांचा आधार आणि पक्षयंत्रणा असेल त्यालाच ते जमे. एखाद्या वस्तीचा लाडका कार्यकर्ता आपल्या भागात कितीही मते घेऊन गेला, तरी शहरभराच्या बेरजेत मागे पडे. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी प्रभागनिहाय निवडणुकीचा प्रस्ताव मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी चित्र पालटले. एकसदस्यीय प्रभाग असावा की बहुसदस्यीय, हा वाद महाराष्ट्रातल्या शहरांत प्रत्येक महापालिका निवडणुकीच्या तोंडावर रंगतो, त्यामुळे प्रभागरचनेने कोणाचे नशीब कसे बदलते हे आपल्या श्रोत्याला दोन वाक्यांत पटते.

पूर्वायुष्य थोडक्यात, पण एक गोष्ट न गाळता

जन्म २२ मे १९३०, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील वुडमिअर येथे. कुटुंब लिथुआनियातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचे. आजोबांचे मोठे दुकान. ऑल्बनीच्या शिक्षक महाविद्यालयातून १९५१ मध्ये गणित विषयातली पदवी. कोरियन युद्धाच्या काळात नौदलात, पाणबुड्यांच्या बचावासाठी असलेल्या जहाजावर नोकरी. मग शाळेत शिक्षक, विमा कंपनीत आकडेमोड, वॉल स्ट्रीटवर गुंतवणूक सल्लागार संस्थेत काम आणि न्यूयॉर्कच्या प्रायोगिक रंगभूमीशी संबंध. एवढे पाच मिनिटांत सांगून पुढे जावे. जी गोष्ट गाळू नये ती अशी, की १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिल्क यांनी बॅरी गोल्डवॉटर या कडव्या उजव्या रिपब्लिकन उमेदवाराचा प्रचार केला होता. पुढे केस वाढवलेला, युद्धविरोधी मोर्चांत जाणारा आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या डाव्या बाजूचा म्हणून ओळखला जाणारा माणूस तिशी उलटेपर्यंत सनातनी विचारांचा होता आणि आपली ओळख कामाच्या ठिकाणी आणि घरच्यांपासून दडवून जगत होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर माणूस किती बदलू शकतो, याचे हे उदाहरण तरुण श्रोत्यांना विशेष भावते.

१९७२ मध्ये मिल्क आणि त्यांचे जोडीदार स्कॉट स्मिथ सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक झाले आणि मार्च १९७३ मध्ये त्यांनी जवळ उरलेले हजार डॉलर घालून ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट या पत्त्यावर ‘कॅस्ट्रो कॅमेरा’ हे दुकान थाटले. कॅस्ट्रो ही तोपर्यंत आयरिश कॅथलिक कामगार कुटुंबांची वस्ती होती. ती कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली होती आणि मोकळ्या होणाऱ्या घरांत देशभरातून आलेले समलिंगी तरुण राहायला येत होते.

दुकानापासून सभागृहापर्यंत: व्याख्यानाचा मुख्य भाग

इथे घाई करू नये. दुकान उघडल्यावर थोड्याच दिवसांत एक सरकारी अधिकारी आला आणि विक्रीकरापोटी शंभर डॉलर अनामत मागू लागला. मिल्क संतापले, वाद घातला, आठवडे खेटे घालून ती रक्कम कमी करून घेतली. पुढे एक शिक्षिका दुकानात प्रोजेक्टर उसना मागायला आल्या, कारण शाळेतला बिघडलेला होता आणि दुरुस्तीची सोय नव्हती. छोट्या दुकानदाराकडून अनामत वसूल करायला ज्या सरकारपाशी माणसे आहेत, त्याच्यापाशी मुलांच्या वर्गातला प्रोजेक्टर नीट करायला पैसे नाहीत, हे त्यांना असह्य झाले. त्याच उन्हाळ्यात दूरचित्रवाणीवर वॉटरगेट प्रकरणाच्या सुनावण्या चालू होत्या आणि माजी ॲटर्नी जनरल ‘आठवत नाही’ हे एकच उत्तर देत होते. मिल्क यांनी उमेदवारी जाहीर केली. या तीन प्रसंगांपैकी एकही लैंगिकतेविषयी नाही, हे श्रोत्यांच्या लक्षात आणून द्यावे. एक चिडलेला नागरिक म्हणून ते राजकारणात उतरले, आणि आपण कोण आहोत हे लपवायचे नाही एवढे मात्र त्यांनी आधीच ठरवले होते.

१९७३ ची निवडणूक ते हरले. बत्तीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक दहावा लागला, पण कॅस्ट्रोच्या परिसरात त्यांना भरघोस मते पडली. शहरातल्या प्रस्थापित समलिंगी नेत्यांचा त्यांना पाठिंबा नव्हता, उलट विरोध होता. ते नेते उदारमतवादी मित्र-राजकारण्यांच्या मागे उभे राहून हळूहळू सवलती मिळवण्याच्या मताचे होते आणि कालपरवा आलेल्या माणसाने थेट पद मागावे हे त्यांना रुचले नाही. मिल्क यांचे म्हणणे असे, की मित्र कितीही चांगला असला तरी तो आपल्या वतीने बोलतो. सभागृहात आपला माणूस बसला पाहिजे. हा मतभेद व्याख्यानात दोन्ही बाजूंना न्याय देऊन मांडावा. कोणत्याही वंचित समाजाच्या राजकारणात तो येतोच, आणि फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या श्रोत्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतरचा कूर्स बिअरचा प्रसंग बारकाईने सांगावा. टीमस्टर्स ही ट्रकचालकांची बलाढ्य कामगार संघटना बिअर वितरकांशी भांडत होती आणि करारावर सही न करणाऱ्या कूर्सवर तिने बहिष्कार पुकारला होता. संघटनेचे स्थानिक नेते ॲलन बेअर्ड हे कॅस्ट्रोचेच रहिवासी. शहरातल्या समलिंगी बारनी कूर्स विकणे थांबवावे, अशी मदत मागायला ते मिल्क यांच्या दुकानात आले. मिल्क यांनी एक अट घातली: ट्रक चालवण्याच्या नोकऱ्या समलिंगी माणसांनाही मिळाल्या पाहिजेत. बेअर्ड यांनी शब्द दिला. मिल्क बारोबार हिंडले, अरब आणि चिनी किराणा दुकानदारही या बहिष्कारात उतरले आणि तो यशस्वी झाला. ज्या रांगड्या कामगारांना समलिंगी माणूस म्हणजे थट्टेचा विषय वाटत होता, त्यांच्या संघटना पुढच्या निवडणुकांत एका समलिंगी उमेदवाराच्या बाजूने उभ्या राहिल्या. समोरच्याचे प्रबोधन आधी आणि सहकार्य मग, हा नेहमीचा क्रम मिल्क यांनी उलटा केला. आधी एकत्र काम केले आणि त्या कामातून मने वळली. माझ्या दृष्टीने मिल्क यांच्या संपूर्ण राजकारणाची किल्ली या एका प्रसंगात आहे, आणि वेळ कमी पडत असेल तर दुसरे काहीही कापावे पण हा प्रसंग राखावा.

याच काळात जुन्या व्यापाऱ्यांच्या संघाने समलिंगी दुकानदारांना दूर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मिल्क यांनी आपला वेगळा व्यापारी संघ उभारला आणि १९७४ मध्ये कॅस्ट्रोत पहिली रस्त्यावरची जत्रा भरवली. हजारो माणसे आली, गल्ला भरला आणि विरोध करणाऱ्या दुकानदारांचाही सूर नरमला. १९७५ च्या निवडणुकीसाठी मिल्क यांनी लांब केस कापले, सूट शिवला, गांजा सोडला. जागा सहा होत्या आणि ते सातवे आले. १९७६ मध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्यांची परवाना-अपील मंडळावर नेमणूक केली, पण मिल्क यांनी राज्य विधानसभेसाठी उमेदवारी जाहीर करताच पाच आठवड्यांत ती काढून घेतली. ती निवडणूक ते चार हजारांहून कमी मतांनी हरले. त्यांचे प्रतिस्पर्धी आर्ट ॲग्नोस यांनी प्रचारादरम्यान त्यांना सांगितले, की तुमच्या भाषणात फक्त तक्रारी असतात, लोकांना काही उमेदही द्या. मिल्क यांनी विरोधकाचा हा सल्ला मनावर घेतला. पुढे गाजलेल्या त्यांच्या आशेच्या भाषणाचे बीज तिथे आहे.

८ नोव्हेंबर १९७७ रोजी, प्रभाग पद्धतीच्या पहिल्याच निवडणुकीत, पाचव्या प्रभागातून ते निवडून आले. रिंगणात सतरा उमेदवार होते आणि त्यांत प्रस्थापित गटाने उभा केलेला एक समलिंगी वकीलही होता; मिल्क यांना तीस टक्के मते मिळाली. त्याच निवडणुकीत चिनी वंशाचे गॉर्डन लाऊ, कृष्णवर्णीय एला हिल हच, एकट्याने मूल वाढवणाऱ्या स्त्रीवादी वकील कॅरल रूथ सिल्व्हर आणि माजी पोलीस व अग्निशामक डॅन व्हाइट हेही निवडून आले. प्रभागांमुळे शहराच्या सभागृहाचा चेहरा एका रात्रीत कसा बदलला, ते या चार नावांवरून दिसते. शपथविधीच्या दिवशी, ९ जानेवारी १९७८ रोजी, मिल्क कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत समर्थकांसह पायी चालत गेले.

अकरा महिन्यांचे काम

इथे दोन कायदे शेजारी ठेवून सांगावेत. पहिला भेदभावविरोधी: घर, नोकरी आणि सार्वजनिक सेवा देताना लैंगिक कलावरून कोणालाही नाकारता येणार नाही. तो दहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला, आणि ते विरोधी मत डॅन व्हाइट यांचे होते. मिल्क यांनी खास दिलेल्या फिकट निळ्या पेनाने महापौर मॉस्कोनी यांनी त्यावर सही केली. दुसरा कायदा कुत्र्याच्या मालकांसाठी होता: आपल्या कुत्र्याची घाण ज्याने त्याने उचलायची. त्याच्या प्रसिद्धीसाठी मिल्क यांनी वार्ताहरांना ड्युबोस उद्यानात बोलावले, कॅमेऱ्यांसमोर हिरवळीवरून चालत गेले आणि बोलता बोलता त्यांचा पाय नेमका घाणीत पडला. तो पडावा अशी तजवीज त्यांनी आधीच केली होती. त्यांना आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त कौतुक याच कायद्याचे होते. हा प्रसंग सांगताना सभागृह हसेल आणि हसू द्यावे. मात्र लगेच हेही सांगावे, की पदपथ, बसमार्ग, भाडेकरूंचे हाल यांत लक्ष घालणाऱ्या नगरसेवकाला समलिंगी नसलेला मतदारही ‘आमचा नगरसेवक’ म्हणू लागतो, हे मिल्क यांनी पक्के ओळखले होते.

सहावा प्रस्ताव: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

कॅलिफोर्नियात पुरेशा नागरिकांच्या सह्या जमल्या, की एखादा कायदा थेट जनमताला टाकता येतो. जून १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट यांच्या मोहिमेने तिथला भेदभावविरोधी कायदा मतदानाने रद्द करवला होता. त्या विजयाने हुरूप आलेले राज्य सिनेटर जॉन ब्रिग्ज यांनी कॅलिफोर्नियात सहावा प्रस्ताव आणला. सरकारी शाळांतून समलिंगी शिक्षकांना काढून टाकण्याची तरतूद त्यात होती, आणि एवढेच नव्हे, तर समलैंगिकतेचे समर्थन करणारा कोणीही कर्मचारी, मग तो स्वतः विवाहित आणि मुलाबाळांचा का असेना, तोही नोकरीला मुकला असता. सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत प्रस्तावाच्या बाजूने मोठे बहुमत दिसत होते.

मिल्क आणि अध्यापिका सॅली गिअरहार्ट यांनी ब्रिग्ज यांच्याशी जाहीर वादविवाद केले. मुले शिक्षकांचे अनुकरण करून समलिंगी होतात, या आरोपावर मिल्क यांचे उत्तर असे, की तसे असते तर कॅथलिक शाळांत शिकलेल्या मुलांमुळे गल्लोगल्ली नन, म्हणजे तिथे शिकवणाऱ्या ख्रिस्ती जोगिणीच, दिसल्या असत्या. बालकांवरील अत्याचारांच्या आरोपाला मात्र त्यांनी विनोदाने उत्तर दिले नाही. त्यासाठी ते आकडे घेऊन येत. ही दोन प्रकारची उत्तरे वेगवेगळी दाखवावीत, म्हणजे वक्ता म्हणून त्यांची तयारी कशी होती ते समजते.

या लढाईतले मुख्य आवाहन त्यांनी २५ जून १९७८ च्या मोर्चात केले: प्रत्येकाने आपल्या आईवडिलांना, नातलगांना, शेजाऱ्यांना, जिथे काम करता तिथल्या लोकांना आपण कोण आहोत ते सांगावे. त्यामागचा हिशेब भावनिक नव्हता. आपण एकाही समलिंगी माणसाला ओळखत नाही असे ज्याला वाटते, तो अफवांवर विश्वास ठेवून मत देतो. आपली भाची किंवा आपला हिशेबनीस त्यांपैकी आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो मत देताना थबकतो. कार्यकर्ते दारोदार गेले, शिक्षक संघटना विरोधात उभ्या राहिल्या, आणि माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्यासारख्या सनातनी नेत्यानेही प्रस्तावाविरुद्ध मत जाहीर केले, कारण रागावलेला विद्यार्थी कोणत्याही शिक्षकाची नोकरी घालवू शकेल अशी ती तरतूद होती. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी प्रस्ताव ५८ विरुद्ध ४२ टक्के अशा, दहा लाखांहून अधिक मतांच्या फरकाने पडला. त्याच २५ जूनला गिल्बर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी हाताने रंगवलेला आठ पट्ट्यांचा इंद्रधनुषी ध्वज शहरात पहिल्यांदा फडकला होता, हेही जाता जाता सांगावे.

आपल्याकडे बोलताना एक पथ्य पाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. मिल्क यांचे ते आवाहन इतिहास म्हणून सांगावे, पण मंचावरून श्रोत्यांना तसे करण्याचा उपदेश करू नये. सभागृहात असा एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असू शकते, जिला घरी सांगितल्यावर घर उरणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७ चा गुन्हा पुसला गेला, तरी घरातली परिस्थिती प्रत्येकाची वेगळी असते. कार्यक्रमात हात वर करायला सांगणे, कोणाचे नाव घेणे, छायाचित्रे परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकणे, यांपैकी काहीही होणार नाही याची आयोजकांकडून आधीच खात्री करून घ्यावी.

अडचणीच्या गोष्टी लपवू नयेत

वरच्या पथ्याला लागूनच ऑलिव्हर सिपल यांची हकीकत येते. २२ सप्टेंबर १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईने अध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडली, तेव्हा व्हिएतनाम युद्धातून आलेल्या या माजी सैनिकाने झडप घालून तिचा हात ढकलला. सिपल समलिंगी होते, पण त्यांच्या घरच्यांना ते ठाऊक नव्हते. मिल्क यांनी ही माहिती एका प्रसिद्ध स्तंभलेखकापर्यंत पोहोचवली. समलिंगी माणूसही शूर असतो हे देशाला दिसावे, असा त्यांचा विचार होता. बातमी छापून आली, सिपल यांच्या आईने त्यांच्याशी संबंध तोडले आणि पुढचे आयुष्य त्यांना फार जड गेले. मिल्क यांनी एका माणसाचे गुपित, त्याच्या संमतीशिवाय, चळवळीसाठी खर्च केले. मला हे चूक वाटते आणि व्याख्यानात तसे म्हणायला कचरू नये.

दुसरी गोष्ट जिम जोन्स यांच्या पीपल्स टेम्पल या पंथाची. शहरातल्या अनेक उदारमतवादी नेत्यांप्रमाणे मिल्क यांनीही निवडणुकीत या पंथाच्या स्वयंसेवकांची मदत घेतली, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये जोन्स यांची भलामण करणारे पत्र अध्यक्ष कार्टर यांना लिहिले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाऊनमध्ये त्या पंथाच्या नऊशेहून अधिक माणसांचा मृत्यू झाला. मिल्क यांचा खून त्यानंतर नऊ दिवसांनी झाला. शहर आधीच त्या धक्क्यात होते.

खून आणि खटला

इथे तपशिलांचा पाल्हाळ नको, पण कार्यकारणभाव स्पष्ट हवा. डॅन व्हाइट यांनी १० नोव्हेंबरला, सुपरवायझरच्या तुटपुंज्या पगारात भागत नाही म्हणून, राजीनामा दिला आणि समर्थकांच्या दबावामुळे काही दिवसांतच तो परत मागितला. सभागृहातली मते काट्याची होती. व्हाइट परतले नसते तर बहुमत महापौरांच्या बाजूला झुकणार होते, आणि त्यांना परत घेऊ नये असा आग्रह धरणाऱ्यांत मिल्क होते. मॉस्कोनी यांनी नकार ठरवला. २७ नोव्हेंबरला, नवे नाव जाहीर होण्याच्या थोडा वेळ आधी, व्हाइट धातुशोधक यंत्र टाळण्यासाठी तळघराच्या खिडकीतून सिटी हॉलमध्ये शिरले, महापौरांना त्यांच्या दालनात ठार केले, पिस्तूल पुन्हा भरले आणि मिल्क यांच्याकडे गेले. मिल्क अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या रात्री हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत शांतपणे चालत गेली. समलिंगी असल्यामुळेच खून झाला, असे सरसकट विधान करू नये. महापौर समलिंगी नव्हते आणि तेही मारले गेले. पदाचा वाद, वैयक्तिक आकस आणि बदलत्या शहराविषयीचा राग हे सारे त्यात मिसळलेले होते.

खटल्याबाबत एक दंतकथा श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास सांगेल: गोड केक खाल्ल्यामुळे डोके फिरले, असा बचाव करून आरोपी सुटला. प्रत्यक्षात बचावपक्षाचा दावा नैराश्यामुळे विवेकशक्ती क्षीण झाली होती असा होता, आणि सटरफटर खाणे हे त्या नैराश्याचे एक लक्षण म्हणून मानसोपचारतज्ज्ञाने सांगितले होते. वार्ताहरांनी केकच्या नावावरून त्यालाच ‘ट्विंकी बचाव’ असे नाव दिले. ज्यूरीने २१ मे १९७९ रोजी खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला आणि सात वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्या रात्री सिटी हॉलच्या काचा फुटल्या, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, आणि पोलिसांनी कॅस्ट्रोत घुसून मारहाण केली. पुढे कॅलिफोर्नियाने बचावाचा तो प्रकारच रद्द केला. व्हाइट जानेवारी १९८४ मध्ये सुटले आणि पुढच्या वर्षी त्यांनी आत्महत्या केली.

वारसा सांगताना

पुतळे आणि पुरस्कारांची यादी वाचून दाखवू नये. २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी दिलेले मरणोत्तर स्वातंत्र्यपदक, कॅलिफोर्नियात २२ मे रोजी पाळला जाणारा हार्वी मिल्क दिन, सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या टर्मिनलला दिलेले नाव, एवढे उल्लेख पुरेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात मुलांकडे राहायला जाणारे आपल्याकडचे आईवडील याच विमानतळावर उतरतात, तेव्हा ते नाव त्यांनी वाचलेले असण्याचा संभव आहे. नौदलाने एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते. जून २०२५ मध्ये ते बदलण्यात आले, म्हणून जुन्या लेखांतून टिपण काढणाऱ्यांनी ही नोंद दुरुस्त करून घ्यावी. अधिक वेळ क्लीव्ह जोन्स यांना द्यावा. मिल्क यांच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून काम केलेला हा तरुण १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच स्मृतीच्या मेणबत्ती मोर्चाची तयारी करत असताना एड्सने गेलेल्यांची नावे फलकांवर लिहून भिंतीवर लावण्याची कल्पना पुढे आली, आणि त्यातून नावे शिवलेली ती प्रचंड गोधडी जन्माला आली. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिचे १,९२० भाग होते.

प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखावीत. मिल्क यांच्यानंतर त्या प्रभागाचे काय झाले, असा प्रश्न येतोच आणि त्याचे उत्तर तयार असावे. खुनाच्या वर्षभर आधी मिल्क यांनी एक ध्वनिफीत करून ठेवली होती. आपला खून झालाच तर जागेवर कोण चालेल आणि कोण चालणार नाही, याची नावे त्यांनी तीत सांगितली होती. चालणाऱ्यांच्या नावांतले हॅरी ब्रिट यांची नेमणूक नव्या महापौर डायॅन फाइनस्टाइन यांनी केली आणि ते १९९३ पर्यंत सभागृहात राहिले. १९८२ मध्ये त्यांनी अविवाहित जोडीदारांच्या हक्कांचा कायदा सभागृहात मंजूर करून घेतला, पण त्यांना नेमणाऱ्या फाइनस्टाइन यांनीच तो नाकारला. १९८० मध्ये मतदारांनी प्रभाग पद्धतही रद्द केली होती, आणि सॅन फ्रान्सिस्कोत प्रभागनिहाय निवडणूक पुन्हा झाली ती थेट २००० मध्ये.